पोटरीतला गहू आणि जानेवारीची रात्र : प्रस्तावना

ग्वाल्हेरला बर्फ पडत नाही. हे पहिल्याच ओळीत सांगायला हवे, कारण थंडीने गव्हाचे काय होते याविषयी जगात जे लिहिले गेले आहे, त्यातले बहुतेक बर्फाच्या मुलखात लिहिलेले आहे. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. तो हिवाळाभर जमिनीला चिकटून राहतो, मार्चमध्ये उठतो, जूनच्या सुमारास कापला जातो. एप्रिलमध्ये पीक कांडी धरत असताना किंवा ओंबी बाहेर पडत असताना अवचित बर्फ पडला, किंवा एखादी रात्र गोठवून गेली तर काय, हा तिथल्या शेतकऱ्याचा घोर. आपल्याकडचा गहू नोव्हेंबरात पेरला जातो आणि होळी उलटून गेल्यावर कापला जातो. त्याची वसंताशी गाठ पडते ती जवळपास विळ्याच्या वेळीच. मग ग्वाल्हेरच्या आसपासच्या डबरा-भितरवारच्या, किंवा चंबळकाठच्या मुरैना-भिंडच्या शेतकऱ्याचा त्या घोराशी संबंध काय?

संबंध आहे, आणि तो बराच जवळचा आहे. शिमल्यात किंवा काश्मीरात बर्फ पडल्याची बातमी आली की दोन-तीन दिवसांनी ग्वाल्हेरच्या मळ्यात त्याची किंमत चुकवावी लागते. शिवाय गव्हाच्या झाडाला एप्रिल आणि जानेवारी यांतला फरक कळत नाही. त्याला कळते ते एवढेच, की आपली ओंबी अजून पोटरीत आहे की बाहेर आली आहे, आणि आजच्या रात्री पानाचे तापमान शून्याच्या खाली किती वेळ राहिले. कॅन्ससचा एप्रिल आणि ग्वाल्हेरचा जानेवारी हे गव्हाच्या आयुष्यातले एकच वय असू शकते. म्हणूनच तिकडची मोजमापे इकडे कामी येतात. मात्र तिकडचे उपाय जसेच्या तसे इकडे चालत नाहीत.

या पुस्तकात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे, ती इथेच सांगून ठेवतो. दहिवराची, म्हणजे पीक गोठवणाऱ्या थंडीची, चर्चा नेहमी त्या एका रात्रीची होते. धूर केला का, पाणी दिले का, कुणाचे किती जळले. पण त्या रात्रीचे पीक वाचणार की नाही याचा अर्ध्याहून अधिक निकाल नोव्हेंबरात, पेरणीच्या तारखेला आणि वाणाच्या निवडीत लागून गेलेला असतो. आणि त्या तारखेला शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर जानेवारीची थंडी एकटी असून चालत नाही. मार्चचे ऊनही असावे लागते.

आधी ती रात्र नीट पाहू. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकत येणारी हवेची गडबड, जिला हवामान खाते पश्चिमी विक्षोभ म्हणते, ती उत्तर भारतावर आली की ढग येतात. रात्री उबदार होतात, आणि कधी कधी इकडे ज्याला मावठा म्हणतात तो हिवाळी पाऊस पडतो. ग्वाल्हेरचा शेतकरी या पावसाची वाटच पाहत असतो, कारण गव्हाचे एक पाणी त्यात वाचते. त्याच वेळी वर हिमालयात बर्फ पडत असतो. मग विक्षोभ पुढे सरकतो, आकाश धुऊन काढल्यासारखे स्वच्छ होते आणि वायव्येकडून कोरडा, थंड वारा सुटतो. या वाऱ्याच्या दिवसांत अंग काकडते, पण पिकाला त्याचा फारसा धोका नसतो. हवा हलती असते तोवर वरची उबदार हवा खाली मिसळत राहते. खरा धोका वारा पडल्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री वारा थांबतो, आकाश निरभ्र असते, हवेत ओल नसते. जमीन आणि पाने आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकू लागतात आणि ती परत पाठवायला वर ढग नसतात. पहाटे चार ते सूर्योदय हा सर्वात वाईट वेळ.

धुक्याच्या रात्री उलट असते. ग्वाल्हेरचे धुके कुप्रसिद्ध आहे. दिल्लीहून येणाऱ्या गाड्या त्यात तासन्‌तास अडकतात. पण धुक्याखालच्या शेतात दहिवर सहसा पडत नाही, कारण धुके जमिनीची ऊब अडवून धरते. प्रवासी ज्याला शिव्या देतात त्याच्यामुळे हरभरेवाला वाचतो.

सकाळी वर्तमानपत्रात ‘किमान तापमान तीन अंश’ असे वाचून पुष्कळ जण निर्धास्त होतात, की शून्याच्या वरच आहे ना. हा आकडा वेधशाळेच्या लाकडी पेटीतला, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवरचा असतो. निरभ्र, निवांत रात्री पिकाच्या शेंड्याजवळचे तापमान त्याहून तीन-चार अंशांनी खाली असू शकते. पेटीत तीन, तर पानावर शून्य किंवा उणे एक. त्यातही सगळे शेत सारखे थंड होत नाही. थंड हवा जड असते. ती उतारावरून सरकत खोलगट जागी जाऊन साचते. चंबळच्या बीहडांच्या कडेला, नाल्याकाठच्या सखल पट्ट्यात जी शेते आहेत, तिथे दहिवर आधी पडते आणि उशिरापर्यंत टिकते. एकाच गावात एकाचे जळते आणि वरच्या अंगाला असलेल्या भावाचे वाचते, यात दैवाचा भाग कमी आणि उताराचा अधिक. हलकी, कोरडी, नुकतीच कोळपलेली जमीनही ओल्या, दाबलेल्या जमिनीपेक्षा लवकर गार पडते, कारण तिच्यात दिवसाची ऊब साठत नाही आणि खालची वर येत नाही.

पांढरे दिसते तेवढेच दहिवर, हा दुसरा गैरसमज. हवा फारच कोरडी असेल तर पानावर बर्फाचे कण धरतच नाहीत. पान मात्र आतून गोठते. सकाळी शेत हिरवे, स्वच्छ दिसते आणि दुपारपर्यंत काळवंडू लागते. पांढरे दहिवर पडते तेव्हा पाण्याची वाफ गोठताना थोडी उष्णता तरी सोडते आणि तापमानाची घसरण किंचित मंदावते. कोरड्या रात्री तेवढाही आधार नसतो. म्हणजे डोळ्यांना अधिक भयंकर दिसणारी सकाळ ही नेहमी अधिक भयंकर असतेच असे नाही.

आता झाडाकडे वळू, कारण या पुस्तकाचा गाभा तिथे आहे.

पेशींमधले पाणी गोठून पेशी फुटतात आणि झाड मरते, असे शाळेत शिकवतात. बहुतेक वेळा घडते ते जरा वेगळे. बर्फ आधी पेशींच्या बाहेरच्या फटींत तयार होतो, आणि तो पेशींतले पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी कोरड्या पडतात, त्यांची आवरणे विस्कटतात. थंडी हळूहळू वाढत गेली तर झाडाला तयारीला वेळ मिळतो. पेशींत साखर वाढते आणि सहनशक्तीही. आठ दिवस उबदार गेल्यावर एकाच रात्री पारा कोसळला तर तेच झाड त्याच तापमानाला बळी पडते. स्वच्छ पाणी पानावर उणे चार-पाच अंशांपर्यंतही न गोठता राहू शकते, पण पानांवर राहणारे काही जिवाणू बर्फ धरायला बीज पुरवतात आणि उणे दोनच्या आसपासच गोठणे सुरू होते. सुडोमोनास सिरिंजी हा त्यांतला सर्वात अभ्यासलेला.

यात गव्हाची बाजू भक्कम आहे. पेरल्यापासून फुटवे फुटेपर्यंत गव्हाचा वाढीचा कोंब जमिनीच्या पृष्ठभागाखाली असतो. वरची पाने करपली तरी खालचा कोंब सुरक्षित राहतो आणि झाड पुन्हा पाने काढते. कॅन्ससमधल्या विद्यापीठाच्या मार्गदर्शनात दोन तास टिकणाऱ्या थंडीची जी मर्यादा सांगितली आहे ती फुटव्यांच्या अवस्थेत उणे अकरा अंश इतकी खाली आहे. ग्वाल्हेरला तसे कधी होत नाही. पण कांडी धरली की कोंब कांडीबरोबर वर येऊ लागतो आणि मर्यादा उणे चारवर येते. ओंबी पोटरीत असताना उणे दोन. ओंबी बाहेर पडली, फुलोरा आला की उणे एक. दाण्यात चीक भरताना ती पुन्हा उणे दोनच्या आसपास जाते. म्हणजे ज्या झाडाने डिसेंबरात काहीही सोसले असते, तेच जानेवारीच्या अखेरीस, निसवल्यावर, एका अंशाच्या फरकाने हातचे जाते. फुलोऱ्यात सर्वात नाजूक असतात ते परागकोश. बीजांड जिवंत असते, ओंबी उभी असते, पण परागकण मेलेले असतात. दाणा धरत नाही. गहू स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे शेजारच्या शेताचाही उपयोग होत नाही.

या नुकसानीची एक दुष्ट बाजू अशी की ते लगेच दिसत नाही. हरभऱ्याची फुले गळतात, तूर काळी पडते, बटाट्याची पाने उकडल्यासारखी होतात. कुणालाही बांधावरून दिसते. गहू मात्र हिरवाच उभा राहतो. पाच-सात दिवसांनी ओंबीचे टोक किंवा सगळी ओंबीच पांढरी पडू लागते, कुसळे वाकडी होतात, काही ओंब्या वरच्या पानाच्या वेढ्यात अडकतात. म्हणून दहिवरानंतर दुसऱ्याच दिवशी शेतात जाऊन ‘काही झाले नाही’ असा निर्वाळा देऊ नये. आठवड्याने जावे, दहा-बारा ठिकाणच्या ओंब्या उपटाव्यात, ओंबीच्या मधल्या भागातली फुले उलगडून परागकोश पाहावेत. हिरवट-पिवळे आणि टरटरीत असतील तर ठीक. पांढरे, सुरकुतलेले असतील तर तो दाणा गेला. सखल भागातल्या आणि उंचवट्यावरच्या ओंब्या वेगवेगळ्या पाहाव्यात. हे कसे करायचे ते पाचव्या प्रकरणात चित्रांसह दिले आहे आणि माझ्या मते ते पुस्तकातले सर्वात उपयोगी प्रकरण आहे.

बर्फाविषयी थोडे सांगायला हवे, कारण ‘बर्फ पडला की गहू मेला’ अशी समजूत आपल्याकडे सिनेमा पाहून झालेली असते. थंड मुलखात बर्फाचा थर ही पिकाची गोधडी असते. बाहेर उणे वीस असताना थराखालची जमीन शून्याच्या आसपास राहते. हिवाळी गव्हाला तर काही आठवडे थंडी लागतेच. ती मिळाली नाही तर त्याला ओंबीच येत नाही. आपले वाण त्या जातीचे नाहीत. त्यांना थंडी आवडते, फुटवे चांगले येतात, पण फुलण्यासाठी तिची अट नसते. त्या मुलखातही उशिराच्या बर्फाने नुकसान होते ते बहुधा दोन प्रकारांनी. एक, ओझ्याने पीक लोळते. २०१७ च्या एप्रिलअखेरीस पश्चिम कॅन्ससमध्ये हिमवादळ आले, तेव्हा ओंबीवर आलेला गहू जड, ओल्या बर्फाखाली जमिनीला लागला. त्यातला काही पुन्हा उठला, ज्याची कांडी मोडली तो उठला नाही. दुसरा प्रकार बर्फाशिवायच्या कोरड्या थंडीचा. २००७ च्या एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, ईस्टरच्या सुमारास, मार्चभर उबदार हवेने पुढे गेलेल्या पिकावर अमेरिकेच्या मध्य आणि आग्नेय भागात कडक थंडी पडली आणि कांडीवरचा गहू मोठ्या प्रमाणात गेला. मार्च थंड गेला असता तर पीक मागे असते आणि वाचले असते. हा दाखला आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. पिकाला मारले ते थंडीने, पण तिच्या तावडीत नेऊन दिले आधीच्या उबेने.

ग्वाल्हेरला तावडीत नेऊन देण्याचे काम पेरणीची तारीख करते. मध्य भारतात पाण्याखालचा गहू वेळेवर पेरायचा तर १० ते २५ नोव्हेंबर, हे वर्षानुवर्षांचे सांगणे. मध्यम मुदतीचा वाण पेरणीनंतर साधारण पासष्ट ते पंच्याहत्तर दिवसांनी निसवतो. हिशेब सोपा आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस पेरले, तर ओंबी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे ऐन कडाक्यात बाहेर येते. २० नोव्हेंबरला पेरले, तर जानेवारीच्या अखेरीस, दहिवराचा धोका ओसरू लागताना. डिसेंबरच्या मध्यावर पेरले, तर दहिवर जवळजवळ टळले; पण मग दाणा भरायला मार्चचे ऊन वाट्याला येते आणि दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो.

हा हिशेब कागदावर सोपा, रानात अवघड. पेरणी कधी करायची हे बऱ्याचदा शेतकरी ठरवत नाही, आधीचे पीक ठरवते. डबरा हा भाताचा मुलूख. तिथे भात निघून जमीन वाफशावर येईतो नोव्हेंबर सरत आलेला असतो, म्हणून डबऱ्याच्या गव्हाला थंडीपेक्षा उन्हाचीच भीती जास्त. मुरैना-भिंडकडे बाजरीची राने लवकर मोकळी होतात. तिथे पेरणीआधीच्या पाण्याचा, ज्याला इकडे पलेवा म्हणतात, प्रश्न असतो आणि तो कोटा बराजवरून चंबळच्या उजव्या कालव्यात पाणी केव्हा सुटते यावर टांगलेला असतो. पाणी लवकर आले की पेरणीची घाई होते. त्या भागाने मोहरीला आपलेसे केले आहे यामागे कमी पाणी आणि बरा भाव ही कारणे आहेतच. पण मोहरीलाही शेंगेत दाणा भरताना दहिवर बाधते, हे तिथले लोक जाणून आहेत. भितरवारकडचा भाग हरसी धरणाच्या पाण्यावर. शिंद्यांच्या काळात, १९३५ च्या सुमारास, पार्वती नदीवर ते बांधले गेले. ग्वाल्हेर संस्थानाने पाणी साठवण्याची हौस केली, आणि त्या हौसेने इथला गहू कोरडवाहूपासून ओलितावर आणला.  

गेल्या काही वर्षांत हिशेबाची दुसरी बाजू जड झाली आहे. २०२२ चा मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वात उष्ण मार्च ठरला. फेब्रुवारीत केंद्राच्या कृषी मंत्रालयाने ११.१३ कोटी टन गव्हाचा अंदाज दिला होता, मेमध्ये तो १०.६४ कोटींवर आणावा लागला आणि १३ मे रोजी निर्यात बंद झाली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीने तसाच विक्रम केला. साहजिकच सगळीकडून ‘लवकर पेरा’ असा सल्ला येऊ लागला. सल्ला चुकीचा नाही. कर्नालच्या गहू व जव संशोधन संस्थेने लवकर पेरणीसाठी करण वंदना, करण वैष्णवी असे वाण दिले आहेत. ते लवकर पेरले तरी निसवायला वेळ घेतात. अडचण तेव्हा होते जेव्हा सल्ल्यातली तारीख तेवढी घेतली जाते आणि वाण जुनाच राहतो. लोक-१ हा गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीत निघालेला वाण. महाराष्ट्रातल्या किराणा दुकानात ‘लोकवन’ म्हणून मिळतो तोच. लवकर तयार होतो, पोळी चांगली होते, उशिराच्या पेरणीला उत्तम. पण तोच ऑक्टोबरात पेरला तर तो डिसेंबरअखेर ओंब्या काढून उभा राहतो, आणि पुढचा महिनाभर प्रत्येक निरभ्र रात्र त्याच्यासाठी जुगार असतो. उन्हापासून पळताना थंडीच्या तोंडी जाणे ही आजच्या काळातली नवी चूक आहे, आणि हे पुस्तक लिहिण्याचे तेच खरे कारण.

त्या रात्रीच्या उपायांबद्दल माझे मत थोडे कडू आहे, ते लपवत नाही. धूर करण्याची प्रथा उत्तर भारतभर आहे. शेताच्या वायव्य बाजूला काडीकचरा पेटवायचा, धुराची चादर पिकावर जाऊ द्यायची. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते फारशी अडवू शकत नाहीत. जो काही फायदा होतो तो आगीच्या उष्णतेचा आणि तिने हललेल्या हवेचा. दोन बिघ्यांच्या भाजीला तो पुरेल. वीस बिघे गव्हाला नाही. पाणी देणे मात्र खरोखर कामाचे. हिवाळ्यात कूपनलिकेचे पाणी हवेपेक्षा पुष्कळ उबदार असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओली जमीन दिवसाचे ऊन साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. दहिवराचा इशारा आला की हलके पाणी आदल्या दिवशी दुपारीच द्यावे, ही झाली आदर्श गोष्ट. पंपाची वीज मध्यरात्रीनंतर येणार असेल तर रात्री द्यावे. विजेचे वेळापत्रक आणि हवामानाचे वेळापत्रक जुळणे हा आपल्याकडे योगायोग असतो. पाणी देताना वाऱ्याकडेही लक्ष ठेवावे. ओंबीवरचा गहू ओल्या जमिनीत वाऱ्याने लोळतो आणि मग दहिवरापासून वाचवलेले लोळण्याने जाते.

गंधकाच्या आम्लाची फवारणी, हजार लिटर पाण्यात एक लिटर, हेक्टरी, ही राजस्थान-मध्य प्रदेशातल्या कृषी सल्ल्यांत नेहमी येते आणि तिचा परिणाम पंधरवडाभर टिकतो असे सांगतात. आम्ल हाताळणे जोखमीचे आहे. प्रमाण चुकले तर दहिवराचे काम आपणच करून बसतो. ज्यांना करायची आहे त्यांनी करावी, पण ती मोहरी, वाटाणा, बटाटा यांसाठी. योग्य तारखेला पेरलेल्या गव्हाला बहुतेक वर्षी तिची गरज पडत नाही. हेही स्पष्ट करतो की दहिवराचा पहिला बळी गहू नसतो. बहुतेक हिवाळ्यांत ग्वाल्हेरच्या गव्हाला थंडीने फायदाच होतो. नुकसान होते ते काही वर्षी, काही शेतांत. पण ज्याचे होते त्याचे बहुतेक सगळे जाते.

सरकारदरबारी दहिवराची दखल घेतली जायला बराच काळ लागला. २०११ च्या जानेवारीत मध्य प्रदेशात मोठे दहिवर पडले. तूर, हरभरा, मसूर, भाजीपाला करपून गेला. केंद्राच्या मदतीसाठी पात्र असलेल्या आपत्तींच्या यादीत तेव्हा पूर होता, दुष्काळ होता, गारपीट होती, दहिवर नव्हते. तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी फेब्रुवारीत भोपाळला उपोषणाची घोषणा केली आणि पंतप्रधानांच्या फोननंतर ती मागे घेतली. त्यातले राजकारण बाजूला ठेवले तरी प्रश्न खरा होता. पुढे २०१२ मध्ये थंडीची लाट आणि दहिवर यांचा त्या यादीत समावेश झाला. २०१५ पासून मदतीसाठी नुकसानीची किमान मर्यादा पन्नास टक्क्यांवरून तेहतीसवर आली. पण यादीत नाव आले म्हणून गव्हाचे नुकसान मोजले जातेच असे नाही. पाहणीला येणारा माणूस दोन दिवसांत आला, तर त्याला हिरवे शेत दिसते. गारपिटीत तसे होत नाही. गारा पडल्या की पीक आडवे, पुरावा समोर. पीकविम्यात गारपिटीसाठी बहात्तर तासांत कळवण्याची तरतूद आहे. दहिवराने मारलेला गहू बहात्तर तासांत स्वतःच कळवत नाही. ही अडचण कशी हाताळावी, फोटो केव्हा काढावेत, पंचनाम्यात काय लिहून घ्यावे, यावर सहावे प्रकरण आहे. गारपिटीवर मात्र वेगळे प्रकरण केलेले नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांनीही ती अशी भोगली, की तिच्यावर स्वतंत्र पुस्तकच हवे.

हे सारे मराठीत का, असे ग्वाल्हेरातच मला विचारले गेले. इथे शेतकऱ्याची भाषा हिंदी, बुंदेली, ब्रज. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये लष्कर वसवले तेव्हापासून इथे मराठी घरे आहेत, त्यांतल्या अनेकांकडे जमिनी होत्या, काहींकडे आजही आहेत. पण मराठी शेतकऱ्यांची संख्या म्हणावी तर ती अर्थातच महाराष्ट्रात. महाराष्ट्राला दहिवर नवे नाही. पुण्याचे आजवरचे सर्वात कमी तापमान, १.७ अंश, १७ जानेवारी १९३५ चे आहे. नाशिक जिल्ह्यातले निफाड दर हिवाळ्यात थंडीच्या बातम्यांत असते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तिथे पारा दोन अंशांच्या खाली गेला, दव गोठले, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या. त्याच निफाडला गव्हाचे जुने संशोधन केंद्र आहे आणि त्याचे वाण महाराष्ट्रभर पेरले जातात. तिथल्या बातम्यांत द्राक्षे येतात, गहू येत नाही. पैशाच्या हिशेबाने ते बरोबरही असेल. पण नाशिक, धुळे, जळगावकडे लवकर पेरलेला गहू डिसेंबरअखेर ओंबीवर असतो, आणि ग्वाल्हेरची अडचण तिकडे थोड्या कमी तीव्रतेने तशीच आहे. महाराष्ट्रात थंडी कमी दिवस टिकते आणि ऊन लवकर येते, म्हणजे पेरणीची खिडकी तिथे आणखी अरुंद. ग्वाल्हेरचा अनुभव मराठीत मांडण्याचा उपयोग होईल तो त्या वाचकाला.

पुस्तकाच्या रचनेबद्दल. सुरुवात दहिवराच्या रात्रीपासून केलेली नाही. पहिले प्रकरण पेरणीच्या तारखांचे आहे आणि त्यात वेगवेगळ्या मुदतींचे वाण कोणत्या तारखेला पेरले तर केव्हा निसवतात याचे तक्ते आहेत. ग्वाल्हेरसाठी वेगळे, नाशिकसाठी वेगळे. दुसरे थंडी पडण्याच्या कारणांचे, तिसरे झाडाचे, चौथे त्या रात्रीच्या उपायांचे. ज्याच्या दाराशी आज रात्रीचा इशारा येऊन ठेपला आहे, त्याने ही प्रस्तावना इथेच सोडावी आणि थेट चौथे प्रकरण उघडावे. बाकीच्यांनी पहिले प्रकरण दसऱ्याच्या आत वाचलेले बरे, कारण दिवाळीनंतर बियाणे घरात आलेले असते आणि मग तक्ते पाहून काही बदलता येत नाही.